ऊसाच्या फडावरून सुरुवात: साखर कारखान्याचा मानवी हक्कांवरचा परिणाम कसा तपासायचा

गाळप हंगाम संपला की कारखान्यांचे आकडे छापून येतात. किती टन ऊस गाळला, साखर उतारा किती पडला, एफआरपीची (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची) किती रक्कम शेतकऱ्यांच्या खात्यात गेली. हाच ऊस तोडताना किती बायका फडात आजारी पडल्या, किती मुलांची शाळा सुटली, किती कुटुंबं अंगावर बाकी घेऊन गावी परतली, हे त्या आकड्यांत नसतं. पण ते मोजता येतं, आणि त्याची पद्धत बऱ्यापैकी ठरलेली आहे. ती पद्धत महाराष्ट्रातल्या ऊसतोडीला लावायची तर काय काय करावं लागेल, ते इथे क्रमाने मांडतो. कारखान्याचे संचालक आणि शेतकी अधिकारी, साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांतले लोक आणि कामगारांसोबत काम करणाऱ्या संस्था, या तिघांनाही हे वापरता यावं असा प्रयत्न आहे.

पाया थोडक्यात सांगतो. जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची ३१ मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. प्राध्यापक जॉन रगी यांनी ती तयार केली होती. हक्कांचं संरक्षण करणं सरकारचं कर्तव्य, हक्कांचा आदर राखणं उद्योगाची जबाबदारी आणि ज्याचं नुकसान झालं त्याला दाद मिळणं, असे त्यांचे तीन आधार आहेत. भारतात केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वं जाहीर केली; त्यातलं पाचवं मानवी हक्कांचं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना याच तत्त्वांवर आधारित अहवाल सक्तीचा केला. आपले सहकारी कारखाने शेअर बाजारात नाहीत, पण त्यांची साखर घेणाऱ्या शीतपेयांच्या, बिस्किटांच्या, औषधांच्या कंपन्यांपैकी अनेक आहेत. त्यामुळे "आमच्या साखरेमागे कोणाचे हाल आहेत?" हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर येणार आहे.

आधी हे ठरवा: धोका कोणाला?

कंपन्यांना जोखीम मोजायची सवय असते. बदनामी झाली तर किती तोटा, खटला लागला तर किती दंड. मानवी हक्कांच्या तपासणीत पाहायचा तो माणसाला असलेला धोका. फडातल्या बाईला दिवसभर लघवीला जायला आडोसा नाही, याने कारखान्याच्या ताळेबंदावर एक रुपयाचाही फरक पडत नसेल. तरीही तपासणीत ती बाब वरच राहिली पाहिजे. सल्लागार संस्थेला काम देताना पहिल्या पानावर हे लेखी घ्या. नाहीतर शेवटी हातात येतो तो कंपनीला कोणती बातमी महागात पडेल याचा अंदाज.

सामाजिक दायित्व निधीचाही इथे संबंध नाही. आरोग्य शिबिर घेतलं, वह्या वाटल्या, ब्लँकेट दिली, हे चांगलंच. पण त्याने कमी भरलेली मजुरी भरून निघत नाही.

पायरी १: वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावा

ही पायरी सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, म्हणून आधी. बहुतेक तपासण्या आर्थिक वर्ष पाहून आखल्या जातात. मार्च जवळ आला की पथक येतं, दोन दिवस कारखान्यावर बसतं, एका फडात फोटो काढतं आणि परत जातं. ऊसतोडीचं वर्ष वेगळं चालतं. पावसाळ्यात, हातात काम नसताना, मुकादम, म्हणजे मजुरांच्या टोळ्या जमवणारा ठेकेदार, उचल वाटतो; उचल म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी दिलेली आगाऊ रक्कम. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर, परभणी, नाशिककडून टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, तसंच सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये माघारी येतात.

म्हणून किमान तीन भेटी ठेवा. पहिली कामगारांच्या गावात, जुलै ते सप्टेंबर, उचल वाटली जात असताना. दुसरी फडात आणि कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर), डिसेंबर-जानेवारीत, काम जोरात असताना. तिसरी पुन्हा गावात, मे महिन्यात, हिशोब झाल्यावर. गावात माणूस मोकळेपणाने बोलतो. फडात त्याच्या मागे मुकादम उभा असतो आणि मोळी बांधायची राहिलेली असते.

आणखी एक कारण आहे. जी सुधारणा करायची ती उचल वाटपाच्या आधी झाली नाही, तर आणखी एक वर्ष गेलं. उचल घेतली की कोणत्या कारखान्याला, कोणत्या दराने, कोणत्या अटीवर जायचं, सगळं बांधलं जातं. तुमचा अहवाल ऑक्टोबरमध्ये संचालक मंडळापुढे गेला, तर त्याचा त्या हंगामाला काहीही उपयोग नाही.

पायरी २: पैसा आणि हुकूम कोणत्या वाटेने जातात ते काढा

मोठा कागद घ्या आणि साखळी काढा. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो आणि त्याला ॲडव्हान्स देतो. वाहतूकदार मुकादमाशी ठरवतो. मुकादम कोयत्याला उचल देतो. कोयता म्हणजे बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. प्रत्येक बाणावर चार गोष्टी लिहा: रक्कम किती, कागद कोणता, सही कोणाची, कमिशन किती.

शेवटच्या बाणावर, म्हणजे मुकादम आणि कोयता यांच्यामध्ये, बहुतेक ठिकाणी एकतर कागदच नसतो किंवा नोटरीकडचा उसनवारीचा स्टॅम्पपेपर असतो. कामाचा करार नाही, कर्जाचा कागद आहे. आणि त्यावर बाईचं नाव नसतं. काम दोघांचं, उचल नवऱ्याच्या हातात, हिशोबही त्याच्याच नावावर. एवढं एक निरीक्षण पुराव्यानिशी मांडलं तरी तपासणीचा अर्धा भार उचलला जातो.

आता त्याच कागदावर उलट दिशेने हुकमाचे बाण काढा. उद्या कोणता प्लॉट तोडायचा हे शेतकी विभाग ठरवतो. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा माणूस, तोडीची स्लिप देतो. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची, कारण गव्हाणीला (गाळपासाठी ऊस टाकायच्या जागेला) ऊस कमी पडता कामा नये. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं आणि त्याच वजनावर मजुरी ठरते. म्हणजे कामाची जागा, वेळ, गती आणि मोजमाप हे सगळं कारखाना ठरवतो. फक्त मालक म्हणून त्याचं नाव कुठे लागत नाही. "ते आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत" हे उत्तर तुम्हाला पहिल्याच बैठकीत मिळेल. वाद घालू नका. हा नकाशा टेबलावर ठेवा.

साखळीत इतरही आहेत, त्यांनाही नोंदीत घ्या: कारखान्यातले कंत्राटी आणि हंगामी कामगार, बगॅस (उसाचा चोथा) यार्डात धुळीत काम करणारे, डिस्टिलरीच्या सांडपाण्याने विहिरी खराब झालेली गावं, ट्रॉल्यांच्या अपघातांत सापडणारे रस्त्यावरचे लोक. पण सगळ्यांवर सारखाच वेळ घालवायचा म्हटलं तर कोणाचंच नीट होत नाही. या लेखात मी तोडणीवरच थांबतो, कारण सर्वांत जास्त माणसं आणि सर्वांत खोल नुकसान तिथे आहे.

पायरी ३: कशाशी तुलना करायची ते लिहून काढा

"परिस्थिती चांगली आहे" किंवा "वाईट आहे" असं लिहून चालत नाही. कोणत्या हक्काच्या तुलनेत, ते सांगावं लागतं. आंतरराष्ट्रीय करारांची लांब यादी जोडण्यापेक्षा आपल्या राज्यघटनेपासून सुरुवात करा. कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं, कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यांत, खाणींत आणि धोकादायक कामांत लावायला. एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणं हे कलम २३ खालचं सक्तीचं काम ठरतं, आणि पोटाची गरज हीसुद्धा सक्तीच असते. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचलीच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचं किंवा हवं तिथे जाण्याचं स्वातंत्र्य गेलं तर तो लागू होतो. हे दोन मुद्दे उचल पद्धतीवर ठेवून पाहा.

पुढे शिक्षण हक्क कायदा २००९, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा (फडासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा मार्ग यातच आहे), बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखान्याच्या करारनाम्यांत अजून जुन्या किमान वेतन, कंत्राटी कामगार आणि आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यांची कलमं असतील, तर कामगार कायद्याच्या जाणकाराकडून ती तपासून घ्या.

पायरी ४: माणसांशी बोलणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पथकात निम्म्या तरी बायका हव्यात, आणि मराठवाड्याची बोली ज्यांच्या तोंडी आहे अशा. तांड्यावरच्या बंजारा कुटुंबांशी किंवा नंदुरबार-धुळ्याकडच्या भिल्ल कुटुंबांशी बोलायचं तर त्यांची भाषा बोलणारं माणूस सोबत पाहिजे. टोळीतल्याच पुरुषाला दुभाषी केलं की बायकांचं बोलणं तिथेच संपतं. कारखान्याच्या गाडीतून, कारखान्याचा बिल्ला लावून जाऊ नका. फड मुकादमाने किंवा शेतकी खात्याने निवडून द्यायचे नाहीत. स्लिपांच्या यादीतून तुम्ही निवडा. गाडी सेंटर (बैलगाडीने ऊस नेणारे) आणि डोकी सेंटर (डोक्यावर वाहून वाहनात भरणारे) दोन्ही घ्या, कारण कामाची रीत आणि दर वेगळे आहेत.

वेळ संध्याकाळची, कोपीवर, चुलीजवळ. पण बाई स्वयंपाक करत असते, मूल कडेवर असतं, पहाटे पुन्हा उठायचं असतं. अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहू नका, फोटो काढू नका, आणि सुरुवातीलाच सांगा की या भेटीने लगेच काही मिळणार नाही. खोटी आशा लावणं हाही अन्यायच आहे. भेटीनंतर मुकादमाने कोणाला त्रास दिला तर कोणाला कळवायचं, हे जाण्याआधीच ठरलेलं असू द्या.

"तुम्हाला काही त्रास आहे का?" असं विचारलं की "नाही, बरं चाललंय" असंच उत्तर येतं. कालच्या दिवसाबद्दल विचारा. काल किती वाजता उठलात? पाणी कुठून आणलं, किती लांबून? गाडी कधी आली, कधी भरली? पाळी आली असताना काय करता, कपडा कुठे धुता, कुठे बदलता? शेवटचा खाडा (कामाला न गेलेला दिवस) कधी झाला, का झाला, किती पैसे कापले? मूल आजारी पडलं तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं, पैसे कोणी दिले आणि ते कोणाच्या नावावर चढले? हंगाम अर्धा सोडून घरी जायचं ठरवलं तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नावर माणूस गप्प बसला, तर ती शांतताही नोंदवा आणि गावातल्या भेटीत तोच प्रश्न पुन्हा विचारा.

मुकादमाशीही बोला, आणि आदराने बोला. त्यातले बरेच जण स्वतः पूर्वी कोयता चालवलेले असतात. मजूर पळाले तर बुडीत रक्कम त्यांच्या अंगावर येते, वाहतूकदाराचा तगादा त्यांच्या मागे असतो. त्यांना खलनायक ठरवून मोकळं झालं की वरची सगळी साखळी सुटते.

याशिवाय आशा कार्यकर्त्या, पाठीमागच्या गावातले शिक्षक, नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या, ऊसतोड कामगारांच्या संघटना आणि महिला किसान अधिकार मंचासारख्या या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलेल्या संस्था यांना सुरुवातीपासून सोबत घ्या. अहवाल छापायच्या आदल्या आठवड्यात "अभिप्राय" मागणं म्हणजे सल्लामसलत नव्हे.

एका कोयत्याचा पूर्ण हिशोब

प्रत्येक फडात निदान एका जोडीचा पूर्ण हंगामाचा हिशोब मांडा. दहा मुलाखतींत जे धूसर राहतं ते इथे दिसतं.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. समजा एक जोडी दिवसाला दोन टन तोडते आणि हंगामात १२० दिवस काम मिळतं. म्हणजे २४० टन, एकूण ८७,८४० रुपये. दिवसाला ७३२, माणशी ३६६. आता तास मोजा. तोडणं, सोलणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर वाहून गाडी भरणं, गाडीची वाट पाहणं. बारा तास धरले तर माणशी तासाला साडेतीस रुपये. त्या वर्षाच्या शेतीच्या किमान वेतनाशी आणि जादा कामाच्या दराशी हा आकडा ताडून पाहा. उचल एक लाख घेतली असेल, तर १२,१६० रुपये फिटायचे राहिले. त्यात खाड्याची कपात, दवाखान्याची उसनवारी, किराणा मिळवा. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत जाते आणि त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

या हिशोबातले आकडे तुमच्या फडात वेगळे निघतील, निघायलाच हवेत. पण वजनाचा आकडा कामगाराला कुठून कळतो, हे आवर्जून विचारा. काट्याची पावती कोयत्यापर्यंत पोहोचत नसेल, तर मजुरी ज्याच्यावर ठरते ती गोष्टच त्याला तपासता येत नाही. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून येणारे पैसे, शेतकऱ्याकडून मिळणारी खुशाली (तोडणीसाठी वरून दिलेले पैसे) हेही लिहा. शेतकऱ्याची खुशालीबद्दल तक्रार असते आणि ती खोटी नसते; दर अपुरा ठेवला की तूट कोणाच्या तरी खिशातून निघतेच.

पायरी ५: परिणामापासून निर्णयापर्यंत मागे जा

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशभरातलं हे प्रमाण, १५ ते ४९ वयोगटात, ३.२ टक्के होतं. दोन्ही सर्वेक्षणांची रीत सारखी नाही, पण एवढी दरी त्याने भरून निघत नाही.

अशी गोष्ट समोर आली की "अज्ञान", "अंधश्रद्धा", "खासगी डॉक्टरांची लूट" असं लिहून प्रकरण बंद करण्याचा मोह होतो. डॉक्टरांची लूट खरी आहे. तरीही मागे मागे जात राहा. बाईने ऑपरेशन का करून घेतलं? सतत अंगावर जायचं, ओटीपोट दुखायचं, आणि कॅन्सरची भीती घातली. त्रास का होता? कपडा धुवायला पाणी नाही, बदलायला आडोसा नाही, पाळीतही मोळ्या वाहणं चालूच, बाळंतपणानंतर लगेच फड. विश्रांती का घेतली नाही? खाडा पडतो. खाडा का पडतो? उचल फेडायची आहे आणि टोळीचं रोजचं टनेज ठरलेलं आहे. टनेज कोणी ठरवलं? इथे येऊन तुम्ही कारखान्याच्या रोजच्या गाळप नियोजनापाशी पोहोचता. पाणी-शौचालयाशिवाय तळ कोणी उभा केला, हा दुसरा धागाही तिथेच पोहोचतो.

प्रत्येक गंभीर परिणामासाठी ही साखळी काढा, आणि कारखान्याच्या एखाद्या निर्णयाला, खर्चाच्या तरतुदीला किंवा करारातल्या कलमाला टेकेपर्यंत थांबू नका. सरकारचा, डॉक्टरांचा, कुटुंबातल्या पुरुषांचा वाटा वेगळ्या रकान्यात लिहा. तो लपवायचा नाही, पण त्याच्या आड कारखान्याचा वाटाही लपू द्यायचा नाही.

पायरी ६: आधी काय, नंतर काय

सगळं एकदम सुटत नाही. क्रम लावण्याची रीत मार्गदर्शक तत्त्वांतच आहे: नुकसान किती खोल, किती माणसांचं, आणि ते भरून येण्यासारखं आहे का. उसात बिबट्याने मूल नेणं, कोपीजवळच्या उघड्या विहिरीत मूल पडणं, रात्री ट्रॉली उलटून माणूस दगावणं, हे थोड्या जणांच्या वाट्याला येतं; पण गेलेला जीव परत येत नाही. म्हणून कोप्यांची जागा, उजेड, विहिरीला कठडा, ट्रॉलीला रिफ्लेक्टर हे पहिल्या आठवड्यात. शाळेचं गेलेलं वर्ष भरून काढणं फार कठीण, आणि ते बहुतेक सगळ्याच मुलांचं जातं, तेही वर. मजुरीतली कपात अन्यायकारक आहे, पण पैसे परत देता येतात. म्हणून तिला निश्चित तारीख द्या आणि मागच्या हंगामाचा फरकही द्या. जे सोपं आणि स्वस्त ते आधी, असा क्रम लावू नका. छत्र्यांचं वाटप नेहमी पहिलं होतं आणि करार नेहमी शेवटी राहतो, तो याच सवयीने.

याच टप्प्यावर जबाबदारीचं नातं ठरवा. कारखाना रात्रीची भरणी लावतो, तिथे नुकसान तो स्वतः करतो. ॲडव्हान्स देताना मुकादमाच्या अटींकडे पाहत नाही, तिथे तो नुकसानाला हातभार लावतो. लांबच्या शहरातली शीतपेयाची कंपनी साखर घेते, तिथे ती नुकसानाशी जोडलेली असते. आणि सगळं कळल्यावरही वर्षानुवर्षं त्याच भावात, त्याच अटींवर घेत राहिली तर तीही हातभार लावणाऱ्यांत जाते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर सविस्तर वृत्तांत छापला तेव्हा प्रश्न मोठ्या शीतपेय कंपन्यांना विचारले गेले, ते याच नात्यामुळे. खरेदीदाराने अशा वेळी कारखाना सोडून दुसरीकडे जाणं हा उपाय नव्हे. फडातल्या बाईचं त्याने काहीच भलं होत नाही. राहून, भावात वाढ देऊन, अट घालणं हा उपाय.

पायरी ७: उपाय कोणाच्या टेबलावर

प्रत्येक उपायापुढे विभाग, माणूस, रक्कम आणि तारीख लिहा. सामाजिक दायित्वाच्या कक्षाकडे सगळं ढकललं तर काही होत नाही, कारण त्या कक्षाच्या हातात ना स्लिप आहे ना ॲडव्हान्स.

लेखा विभागाने ॲडव्हान्स देताना अट घालावी: प्रत्येक कोयत्याची दोघांच्या नावाने नोंद, लेखी हिशोब, खाड्याची कपात नाही, आणि बाईचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात. शेतकी विभागाने रात्री ठरावीक वेळेनंतर भरणी बंद ठेवावी आणि गरोदर व बाळंतीण बायका कोणत्या टोळीत आहेत याची माहिती ठेवावी. तळावर पाणी, शौचालय, आडोसा, दिवा यांचा खर्च टनामागे किती पडतो ते काढून तो तोडणी-वाहतूक खर्चातच धरावा. देणगी म्हणून नको.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे आहेत, तेवढेच सरकारने. आपल्या कारखान्याने किती दिले, किती थकले, हा आकडा अहवालात आलाच पाहिजे. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणि गावातली हंगामी वसतिगृहं आहेत. कोणत्या गावात जागा आहेत आणि कोणत्या गावात नाहीत, ते उचल वाटपाच्या काळात कुटुंबांना सांगितलं तर मूल मागे राहू शकतं. दिवाळीनंतर सांगून उपयोग नाही.

प्रत्येक उपायाचा उलटा परिणामही तपासा. "फडात मुलं दिसता कामा नयेत" एवढाच हुकूम निघाला की मुलं कोपीत कोंडली जातात, नाहीतर मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला शाळेतून काढली जाते. गरोदर बायकांना कामावर घेऊ नका म्हटलं की त्या पोट लपवून येतात. तोडणी यंत्रं आणली की कष्ट वाचतात आणि कोरडवाहू गावांतल्या हजारो घरांची पाच महिन्यांची कमाई जाते. पर्याय काय देणार, हे यंत्राच्या ऑर्डरआधी विचारा.

पायरी ८: तक्रारीची वाट

गेटवरच्या पेटीत ऊसतोड कामगार चिठ्ठी टाकत नाही. तो गेटवर येतच नाही. चालणारी व्यवस्था अशी असते: मराठी आणि बंजारा बोलणाऱ्या बाईकडे असलेला मोबाइल नंबर, प्रत्येक तळाला आठवड्यातून एक भेट, आणि निर्णय देणाऱ्यांत कामगारांचे प्रतिनिधी. नाव गुप्त राहील, अमुक दिवसांत उत्तर मिळेल, आणि तक्रार केल्याने पुढच्या वर्षीचं काम जाणार नाही, या तीन गोष्टी लेखी द्या. हंगामानंतर गावी परतल्यावरही नंबर चालू राहू द्या. हिशोबाची भांडणं तेव्हाच होतात. वेठबिगारीची, बालमजुरीची किंवा अत्याचाराची तक्रार कारखान्याने आपल्यातच मिटवायची नाही. ती जिल्हाधिकारी, पोलीस किंवा स्थानिक समितीकडे गेलीच पाहिजे. तक्रारी शून्य आल्या तर आनंद मानू नका, लोकांना नंबर माहीत आहे का ते पाहा.

पायरी ९: अहवाल आणि पुढचा हंगाम

अहवाल मराठीत लिहा, वीस पानांच्या आत. त्यातलं सापडलेलं आणि कबूल केलेलं काय ते ऑडिओ करून टोळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि मे महिन्यातल्या भेटीत गावात वाचून दाखवा. कोणाची ओळख पटेल असा तपशील काढून टाका. एका टोळीत आठ-दहाच कोयते असतात, त्यामुळे गाव आणि वय दिलं तरी माणूस ओळखू येतो.

मोजायला थोडेच आकडे ठेवा, पण असे की ज्यांत पळवाट नाही. किती कोयत्यांच्या हातात दोघांच्या नावाचा लेखी करार आहे. किती बायकांच्या खात्यात थेट मजुरी जमा झाली. हंगामाअखेर किती जोड्यांची उचल पूर्ण फिटली. सहा ते चौदा वयाची किती मुलं तळावर होती आणि त्यातली किती रोज शाळेत गेली. रात्री ठरलेल्या वेळेनंतर किती गाड्या भरल्या गेल्या. हा आकडा काट्याच्या नोंदीतूनच निघतो, त्यासाठी कोणाची मुलाखतही लागत नाही.

हे आकडे जून महिन्यात संचालक मंडळाच्या बैठकीत, पुढच्या हंगामाच्या तोडणी-वाहतूक कराराचा मसुदा मंजूर होण्याआधी ठेवा, आणि त्या बैठकीला कामगारांचे निदान दोन प्रतिनिधी बोलवा, त्यातली एक बाई. त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी कारखान्याने द्यावी. जे बदल मान्य होतील ते मसुद्यात त्याच दिवशी घाला, कारण जुलैत मुकादम उचल घेऊन गावोगाव फिरायला लागतो.